पेटी सोडून जर्मनीला यायचं का?

भाऊ, तुम्ही वणीकडच्या ख्रिस्ती मंडळीत पेटी आणि कीबोर्ड वाजवता. मानधन तुटपुंजं आहे, तर राजीनामा देऊन जर्मनीत चर्च संगीत शिकायला यावं का, असं विचारलंत. मी यवतमाळ जिल्ह्यातली. आता इथे जर्मनीत नर्स आहे आणि सुट्टीच्या रविवारी गावातल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. माझं मत स्पष्ट आहे : या, पण राजीनामा आत्ताच देऊ नका.

आधी वाद्याचं बोलू. आपल्याकडच्या जुन्या पायपेटीत पायांचं काम फक्त हवा भरायचं. इथल्या ऑर्गनमध्ये हवा मोटर भरते आणि पायांनी सूर वाजवायचे असतात. बाकाखाली तीसेक लाकडी पट्ट्या असतात, त्यांवर बुटाचं टोक आणि टाच दोन्ही चालतात. वर हातांसाठी कळांच्या दोन ओळी, खाली पायांची तिसरी. पेटीवर आपला डावा हात भात्यावर असतो, म्हणून सगळी सवय उजव्याला. कीबोर्डवर तुम्ही एखादं गीत चार आवाजांत (चार सूर एकत्र धरून), स्टाफ नोटेशन म्हणजे पाच रेघांवरचं स्वरलेखन बघून वाजवू शकता का? नसाल तर सुरुवात तिथूनच, आणि ती गावात बसून होते.

तुमच्याकडचं वाया जाईल असं मात्र समजू नका. गीत काळी दोनमध्ये धरलं आणि मागच्या बाकावरच्या आजींना ते झेपत नाही, हे पहिल्या ओळीतच ओळखून पट्टी उतरवणारा वादक इथेही हवा असतो. मंडळी श्वास कुठे घेते हे ऐकायचा कान वर्षानुवर्षांच्या उपासनांनीच तयार होतो.

पूर्णवेळ नोकरीसाठी इथे चर्च संगीताची पदवी लागते. त्यातल्या बॅचलरला बी म्हणतात, मास्टरला ए. प्रवेशपरीक्षेत ऑर्गन, पियानो, गाणं, ऐकून सूर ओळखायची परीक्षा, संगीतशास्त्र, सगळं असतं. शिवाय जर्मन हवीच. सरकारी संगीत विद्यापीठांत बहुतेक राज्यांत फी नाही, पण बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये परदेशी विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो पडतात. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो खात्यात अडकवून दाखवावे लागतात, म्हणजे बारा लाख रुपयांच्या आसपास. ते पैसे तुमचेच, महिन्याला ९९२ युरो हातात येतात, पण आधी उभे कुठून करायचे? त्यासाठी वावर विकू नका. हे मी अगदी हात जोडून सांगते.

दुसरी वाट लांबची, पण आपल्या माणसाला जास्त झेपणारी आहे. इथले पुष्कळ ऑर्गनवादक दुसरी नोकरी करून वाजवतात. त्यांच्यासाठी सी परीक्षा असते. साधारण दोन वर्षं शनिवार-संध्याकाळी शिकायचं : गीताची साथ, गीतापूर्वीची छोटी सुरावट स्वतः रचणं, गायकवृंद चालवणं, उपासनेचा क्रम. पोटापाण्यासाठी नर्सिंगचं तीन वर्षांचं प्रशिक्षण आहे, त्यात पहिल्या महिन्यापासून पगार मिळतो. पण रुग्णाला हात लावायची मनापासून तयारी नसेल तर या वाटेने अजिबात येऊ नका. आणि रविवारी ड्यूटी लागली की चर्च बुडतं, हेही धरून चाला.

मग तिकडच्या नोकरीचं काय? पाळकसाहेबांकडे आणि कमिटीकडे रजा मागा. थोर जर्मन संगीतकार बाख १७०५ मध्ये आर्नश्टाट गावच्या चर्चमध्ये ऑर्गनिस्ट होता. बुक्स्टेहूडे या नामांकित ऑर्गनवादकाला ऐकायला तो चार आठवड्यांच्या रजेवर ल्यूबेक शहरात गेला, जागेवर नात्यातल्या माणसाला बसवून. परतला काही महिन्यांनी. बोलणी खाल्ली, पण नोकरी राहिली. तुम्हीही आजपासून संडे स्कूलमधल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला शेजारी बसवा. नाताळची गाणी त्यांना वाजवता आली की तुम्ही गेल्यावर मंडळी मुकी पडणार नाही, आणि जर्मन भाषेची बी१ (मधल्या पातळीची) परीक्षा होईपर्यंत तेवढा वेळ जातोच.

तोवर दोन गीतांचं रेकॉर्डिंग पाठवा, एक पेटीवर, एक कीबोर्डवर दोन्ही हातांनी. मी इथल्या माझ्या शिक्षकांना ऐकवून पाय कधी सुरू करायचे ते विचारते.