टिकटॉकवरच्या मुली ‘छपरी’ आणि इन्स्टावरच्या ‘क्लासी’, असं का?

नाच तोच, गाणं तेच. फरक मागच्या भिंतीचा. टिकटॉकवर खेड्यातल्या, वस्तीतल्या कितीतरी मुली पत्र्याच्या घरासमोर, बांधावर उभ्या राहून बिनधास्त व्हिडिओ करायच्या. २९ जून २०२० ला सरकारने ५९ चिनी अ‍ॅप बंद केली, त्यात ते गेलं. जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणलं. तिथे आधीपासून कॅफे, फिकट रंग आणि ‘मेकअप केलाच नाही’ असा दिसणारा महागडा मेकअप. मग गडद लिपस्टिक ‘छपरी’ ठरते. मुलींना हे बरोबर कळतं. कॅमेरा असा धरतात की पत्रा दिसू नये. वर भाऊ-काका बघतील ही धास्ती वेगळीच, म्हणून तर कित्येकींच्या डीपीला गुलाबाचं फूल! ‘क्लासी’ हा शब्दच बघा ना, त्यात ‘क्लास’ उघड बसलाय.