केप बफेलोसाठी कोणतं बोअर?

प्रश्न : माझे मेहुणे दार-ए-सलामला असतात. पुढच्या हंगामात ते टांझानियात परवाना काढून केप बफेलोच्या (आफ्रिकेतल्या रानरेड्याच्या) शिकारीला जाणार आहेत आणि मलाही बोलावलं आहे. घरी आजोबांची .३७५ बोअरची (नळीचं माप, इंचात) हॉलंड अँड हॉलंड रायफल आहे. माझा हात मात्र .३१५ वर बसलेला. मित्र म्हणतात, .४५८ शिवाय जाऊ नका. दुसरे म्हणतात, जुन्या काळचा हस्तिदंत-शिकारी बेल याने .२७५ ने हत्ती पाडले, मग एवढी मोठी कशाला? काय करू?
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : .३७५ च घ्या. हे काडतूस १९१२ सालचं. ३०० ग्रेनची (सुमारे साडेएकोणीस ग्रॅमची) गोळी सेकंदाला अडीच हजार फुटांच्या आसपास वेगाने जाते. आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी धोकादायक जनावरांसाठी हीच कायद्याने किमान मर्यादा धरतात, त्यामुळे .३१५ चा प्रश्नच मिटला. आपल्या चंबळच्या पट्ट्यात ती घरोघरी असली तरी सातशे किलोच्या रेड्यासाठी ती नाही.

.४५८ विंचेस्टर मॅग्नम १९५६ मध्ये आली. ५०० ग्रेनची गोळी, ताकद निर्विवाद. पण तिचा धक्का .३७५ च्या साधारण दीडपट बसतो. .३१५ ची सवय असलेला माणूस दोन-चार फैरींतच चाप ओढण्याआधी डोळे मिटायला लागतो, आणि तिथेच नेम जातो. पोटात गोळी लागलेला रेडा दाट झुडपात शिरतो आणि मागावर येणाऱ्यावर उलटतो. तुमच्या धास्तीची किंमत तुमच्या वाटाड्याने का मोजावी?

बेलचं म्हणाल तर तो पूर्ण जॅकेटची (टोकापर्यंत कठीण धातूचं आवरण असलेली), सरळ आत घुसणारी गोळी वापरी आणि हत्तीच्या कवटीत मेंदू नेमका कुठे आहे हे त्याला पाठ होतं. त्याचं उदाहरण आपण घेऊ नये.

बोअरइतकीच गोळी महत्त्वाची. पहिली चांगल्या बांधणीची मऊ टोकाची, मॅगझिनमध्ये खाली सॉलिड, म्हणजे न पसरता सरळ घुसणारी कठीण गोळी. रेडा आडवा उभा असेल तर पुढच्या पायाच्या रेषेत, अंगाच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात नेम धरा. पडला तरी पुन्हा मारा.

आता आजोबांची रायफल. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या मॅग्नम रायफलींत एक खोट हमखास सापडते : बोल्टच्या (काडतूस आत ढकलणाऱ्या सरकत्या दांड्याच्या) मागे, दस्ता जिथे मनगटासारखा बारीक होतो, तिथे अक्रोडाच्या लाकडात केसाएवढी चीर. तेलाचा हात फिरवला की ती काळी रेघ होऊन दिसते. बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे बघा, खड्डे दिसतात का तेही कळेल. सोबत कॉर्डाइटची (जुन्या प्रकारच्या दारूची) जुनी काडतुसं असतील तर एकही उडवू नका. मानेशी पितळ तडकलेलं असतं. परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा.

खरं तर ती रायफल देशाबाहेर न्यायच्या कागदपत्रांत पडूच नका. तिथले शिकार-व्यवस्थापक .३७५ भाड्याने देतात, मेहुण्यांना आधी ठरवायला सांगा. इथे तिचा उपयोग रेंजवरच, कारण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडे शिकार बंद आहे, आणि ती बंदच राहावी असं मला मनापासून वाटतं. रेंजवर मात्र बैठकीवरून नव्हे, उभ्याने, काठ्यांच्या तिकाटण्यावर नळीखालचं लाकूड टेकवून, पन्नास-साठ मीटरवर सराव करा. एका वेळी चार-पाचच फैरी, नवीन काडतुसांनी. पहिल्या गोळीनंतर रायफल खांद्यावरून न काढता बोल्ट ओढता आला पाहिजे.