गृहपाठात सगळं बरोबर, चाचणीत २० पैकी ३

दहावीला बीजगणित शिकवणाऱ्या एक बाई गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या. नोकरीला २८ वर्षं झालेली. झोप लागत नाही, वर्गात जावंसं वाटत नाही, एवढंच सुरुवातीला बोलल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, त्यांना विचारूनच लिहिते आहे.) मग हळूच म्हणाल्या, "मॅडम, मुलांना आता माझी गरज उरलीय का? मोबाइलला विचारलं की सगळं मिळतं. शाळेत डिजिटल बोर्ड आला, तरुण शिक्षक पटापट शिकले. मीच मागे पडले."

ही धास्ती मी शिक्षकांकडून वरचेवर ऐकते. नुसता धीर देऊन ती जात नाही. पुढच्या वेळी एखाद्या मुलाचं काम घेऊन या, असं मी त्यांना सांगितलं.

त्यांनी एकाच मुलाची गृहपाठाची वही आणि चाचणीचा पेपर आणला. वहीत वर्गसमीकरणं सुबक सोडवलेली, एकही खाडाखोड नाही. पेपरावर मात्र प्रश्न उतरवून घेतलेला आणि त्याखाली पेनाचे नुसते ठिपके. २० पैकी ३. त्या ठिपक्यांवर बोट ठेवून बाई रडायला लागल्या.

मी त्यांना तुर्कस्तानातल्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं. तिथल्या जवळपास हजार विद्यार्थ्यांचे गट करून काहींना गणिताच्या सरावासाठी चॅटजीपीटीसारखं साधन दिलं. सरावात त्यांची कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. मग साधन काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ते कधीच न वापरलेल्या मुलांपेक्षा ती १७ टक्क्यांनी खाली गेली. आणखी एका गटाच्या साधनाला मात्र शिक्षकांच्या मदतीने आधीच शिकवून ठेवलं होतं: मुलं नेमकी कुठे चुकतात, आणि थेट उत्तर न देता पुढची पायरी कशी सुचवायची. त्या गटाचं असं नुकसान जवळजवळ झालंच नाही.

"मुलं कुठे चुकतात, हे त्या यंत्राला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

बाई बराच वेळ गप्प होत्या. मग पर्समधून एक जुनी डायरी काढली. वर्षानुवर्षं त्या मुलांच्या चुका टिपून ठेवत आल्या होत्या. एका पानावर होतं, 'कंसात वजा तीन दिसलं की उत्तरही वजा तीनच लिहितात.' अशी डायरी असलेल्या माणसाला आपण निरुपयोगी वाटावं, याचं मला फार वाईट वाटलं. शाळा बोर्ड विकत घेतात, पण या डायरीबद्दल कुणी विचारत नाही.

पुढचं बाईंनीच ठरवलं. आधी दहा मिनिटं कागदावर स्वतः सोडवायचं. अडलं तर मोबाइलला फक्त 'माझी चूक कुठे झाली?' एवढंच विचारायचं, उत्तर मागायचं नाही. दुसऱ्या दिवशी तेच उदाहरण कोऱ्या कागदावर. वर्गात हात वर करायला लाजणाऱ्या दोन मुलींना याचा खरंच उपयोग झाला; एकच शंका दहादा विचारली तरी कुणी हसत नव्हतं. सरावाची उदाहरणंही बाई त्यावरच तयार करायला लागल्या. त्यातलं एक उत्तर चुकलेलं निघालं, ते त्यांनीच पकडलं.

दिवाळीआधी त्यांनी मला एक फोटो पाठवला. त्याच मुलाच्या नव्या चाचणीचा. २० पैकी ११. चार ओळी खोडलेल्या, आणि शेवटी वजा तीन गिरवून अधिक तीन केलेलं.