वडील इन्सुलिन घेतात, त्यांनी घोडबंदर रोडवर गाडी चालवावी का?

चालवू द्या, पण किल्ली फिरवण्याआधी बोटाला सुई. ब्रिटनचा नियम मला पटतो: निघण्याआधी शुगर तपासायची, लांबच्या प्रवासात दर 2 तासांनी पुन्हा. 90 mg/dLच्या खाली असेल तर आधी खाणं. 72च्या खाली असेल तर गाडी चालवायचीच नाही.

गायमुखला ट्रॅफिक तुंबला की जेवणाची वेळ टळते, इन्सुलिन मात्र शुगर उतरवतच राहतं. म्हणून ग्लुकोजच्या गोळ्या हाताशी हव्यात, डिकीत नव्हे. (डायट कोल्ड्रिंक इथे निरुपयोगी, त्यात साखरच नसते.) घाम, थरथर, उगाच चिडचिड जाणवली की गाडी बाजूला, इंजिन बंद, 15 ग्रॅम ग्लुकोज. आकडा सुधारला तरी 45 मिनिटं थांबायचं. मेंदू सावकाश सावरतो. मागून कितीही हॉर्न वाजोत.

शुगर उतरल्याचं त्यांना कळतच नसेल, तर डॉक्टरांना भेटेपर्यंत स्टिअरिंग तुम्ही घ्या.