कंपनीचं संवेदनशील तंत्रज्ञान बाहेर फुटू नये म्हणून स्टाफला ट्रेनिंग कसं द्यावं?

वर्षातून एकदा स्लाइड दाखवून सह्या घेतल्या की झालं असं समजू नका, त्यातलं कुणाच्या लक्षात राहत नाही. ज्याचं जे काम त्याच्याच उदाहरणांनी शिकवा, डिझाइनवाल्याला ड्रॉइंग कुणाला मेल करायचं नाही, सेल्सवाल्याला डेमोत किती दाखवायचं, आणि कोड बाहेरच्या एआय चॅटमध्ये टाकायचा नाही हे तर सगळ्यांनाच. नुसतं बोलणं किंवा स्क्रीन दाखवणं हेही उघड करणंच असतं, अमेरिकेच्या ईएआर म्हणजे निर्यात नियंत्रणाच्या नियमांत तर देशातल्या देशात परदेशी नागरिकाला नियंत्रित तंत्रज्ञान दाखवलं तरी ती निर्यात धरतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. आणि चुकून काही गेलंच तर लगेच कुणाला सांगायचं ते आधीच ठरवून द्या, सांगणाऱ्यावर ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी लोक लपवतात.