रेंडर करताना किंवा गेम खेळताना डेस्कटॉप अचानक बंद पडतो. मदरबोर्ड बदलावा का?

कोपरखैरण्याहून आपण विचारले आहे की, इंटेल कोअर आय५-१२४०० प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आणि कॅबिनेटसोबत आलेला ५०० वॅटचा एसएमपीएस (भिंतीतली वीज संगणकाच्या भागांना योग्य व्होल्टेजमध्ये पुरवणारा डबा) असलेला आपला डेस्कटॉप साध्या कामात दिवसभर नीट चालतो, परंतु व्हिडिओ रेंडर करताना किंवा मोठा गेम खेळताना पंधरा-वीस मिनिटांत कोणतीही सूचना न देता बंद पडतो. प्रोसेसरचे तापमान ७८ अंशांच्या वर जात नाही, विंडोज पुन्हा टाकूनही फरक पडला नाही आणि आता दुरुस्ती करणाऱ्याने मदरबोर्ड गेल्याचे सांगितले आहे. संगणक व मॉनिटर दोन्ही ६०० व्हीएच्या युपीएसवर आहेत, हेही आपण लिहिले आहे. माझ्या मते इतक्यात मदरबोर्डवर पैसे खर्च करू नयेत. मी ठाण्यात डेस्कटॉप जोडणी व दुरुस्तीचे काम करते आणि आपण सांगितलेली लक्षणे वाचून माझा संशय विजेच्या मार्गावर, म्हणजे युपीएस आणि एसएमपीएसवर जातो.

याचे कारण बंद पडण्याच्या पद्धतीत आहे. या प्रोसेसरची तापमानमर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे आणि ती गाठली की तो आधी आपला वेग कमी करतो. वेग उतरवूनही उष्णता आवरली नाही, तरच तो शेवटचा उपाय म्हणून यंत्र बंद करतो. म्हणजे दोष प्रोसेसरच्या उष्णतेचा असता, तर रेंडरचा वेग मंदावलेला आणि पंख्याचा आवाज वाढलेला आपल्याला आधी जाणवला असता. रॅम किंवा ड्रायव्हर बिघडला असेल तर बहुधा निळा पडदा येतो, चित्र गोठते किंवा प्रोग्रॅम कोसळतो. क्षणात सगळे काळोखे होणे हे वीज तुटल्याचे लक्षण आहे. खात्रीसाठी इव्हेंट व्ह्यूअर हा विंडोजमधील नोंदी दाखवणारा प्रोग्रॅम उघडून विंडोज लॉग्जमधील सिस्टीम या भागात कर्नल-पॉवर ४१ ही नोंद शोधावी. ही नोंद फक्त एवढेच सांगते की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. मात्र तिच्या तपशिलात बगचेककोड, म्हणजे विंडोजने नोंदवलेल्या चुकीचा क्रमांक, शून्य असेल, तर विंडोजला चूक नोंदवण्याइतकीही सवड मिळाली नाही, असे समजण्यास जागा आहे. विंडोज पुन्हा टाकून उपयोग का झाला नाही, याचे उत्तरही बहुधा तिथेच मिळेल.

आता युपीएसकडे पाहू, कारण माझ्या अनुभवात हीच गोष्ट सर्वाधिक वेळा नजरेतून सुटते. बाजारातील नेहमीच्या ६०० व्हीएच्या युपीएसची खरी क्षमता साधारण ३६० वॅट असते. आपला प्रोसेसर पूर्ण टर्बोत, म्हणजे सर्वाधिक वेगात, ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो, ग्राफिक्स कार्ड १७० वॅट घेते, आणि मदरबोर्ड, रॅम, डिस्क व पंखे मिळून आणखी पन्नास-साठ वॅट धरले तर बेरीज साडेतीनशेच्या आसपास जाते. एसएमपीएसची कार्यक्षमता ८० टक्के मानली तर तेवढ्यासाठी भिंतीतून सव्वाचारशे वॅटहून अधिक वीज ओढली जाते, आणि मॉनिटर त्याहून वेगळा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड एकाच वेळी ताणणारे रेंडर सुरू असेल, तर भार युपीएसच्या क्षमतेबाहेर जातो. काही युपीएस अशा वेळी आधी शिटी देतात, काही थेट पुरवठा तोडतात. त्यामुळे पुढच्या वेळी संगणक बंद पडताच मॉनिटरकडे नीट पाहावे. मॉनिटरचा दिवाही त्याच क्षणी विझला तर दोष युपीएसमध्ये किंवा त्याच्या मागे आहे. दिवा पेटलेला राहून ‘नो सिग्नल’ असे दिसले तर युपीएस बहुधा निर्दोष आहे. काही न उघडता आणि काही खर्च न करता होणारी ही तपासणी आहे, म्हणून ती सर्वांत आधी करावी.

त्यानंतर चालू कामाचा बॅकअप घेऊन कॅबिनेटची वायर युपीएस किंवा एक्स्टेंशन बोर्ड मध्ये न ठेवता थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावावी आणि तेच रेंडर पुन्हा चालवावे. ते पूर्ण झाले तर प्रश्न सुटला; मोठ्या क्षमतेचा युपीएस घ्यावा आणि तो निवडताना व्हीएचा आकडा न पाहता वॅटचा पाहावा.

तरीही बंद पडला तर एसएमपीएसवर चिकटवलेले लेबल वाचावे. मोठ्या अक्षरांत छापलेल्या ५०० वॅटवर विसंबू नये; १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे आणि त्यांना १२ ने गुणावे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपली जवळपास सगळी वीज याच १२ व्होल्टवरून घेतात. कॅबिनेटसोबत येणाऱ्या स्वस्त एसएमपीएसवर हा आकडा १८ अँपिअर असला, तर ते फक्त २१६ वॅट होतात आणि आपल्या दोन भागांनाच मिळून २८७ वॅट लागतात. ग्राहकाला हे कोणीही समजावून सांगत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण महाग ग्राफिक्स कार्ड घेणारा माणूसही याच एका जागी फसतो.

आपण सांगितलेली पंधरा-वीस मिनिटांची मुदतही मला महत्त्वाची वाटते. केवळ वाढीव भाराच्या क्षणिक झटक्याने एसएमपीएसची संरक्षण-व्यवस्था पुरवठा तोडत असती, तर गेम सुरू होताच कधीतरी तसे झाले असते. ठरावीक वेळाने बंद पडणे हे आतले भाग हळूहळू तापत असल्याचे सुचवते, आणि एसएमपीएसच्या आतले तापमान बहुतेक वेळा कोणत्याच सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही. खाडीकाठची दमट हवा आणि बांधकामांची धूळ एकत्र आली की पंख्यावर व जाळीवर नमद्यासारखा घट्ट थर बसतो. वीज काढून जाळी बाहेरून ब्लोअरने साफ करावी, पण एसएमपीएस स्वतः कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक व्होल्टेज काही काळ टिकून राहते.

संशय पक्का करण्यासाठी एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममध्ये ग्राफिक्स कार्डची पॉवर लिमिट, म्हणजे वीज घेण्याची मर्यादा, ७० टक्क्यांवर आणावी. तेवढ्याने बंद पडणे थांबले, तर एसएमपीएस बदलण्याची वेळ झाली आहे. एनव्हिडिया या कार्डासाठी ५५० वॅटची शिफारस करते. त्या क्षमतेचा, १२ व्होल्टवर ४० अँपिअरहून अधिक देणारा आणि लांब वॉरंटीचा एसएमपीएस घ्यावा. मॉड्युलर, म्हणजे केबल काढता-लावता येणारा, घेतल्यास त्याच्यासोबत आलेल्याच केबल वापराव्यात, कारण दोन कंपन्यांच्या सारख्या दिसणाऱ्या केबलमधील पिनांची रचना वेगळी असू शकते आणि त्यातून डिस्क किंवा बोर्ड जळतो.

मदरबोर्डची पाळी यानंतर येते. प्रोसेसरजवळचा चार अधिक चार पिनांचा कनेक्टर सैल किंवा करपलेला नाही ना, हे पाहावे. नव्या एसएमपीएसवर, थेट भिंतीतून वीज घेऊनही यंत्र बंद पडत राहिले, तर ग्राफिक्स कार्ड काढून मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टला जोडावा. आपल्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ नसल्याने त्यात अंगभूत ग्राफिक्स आहे. मग फक्त प्रोसेसरवर ताण देणारी ओसीसीटी या तपासणी-प्रोग्रॅमची चाचणी अर्धा तास चालवावी. ती पार पडली तर ग्राफिक्स कार्ड दुसऱ्या संगणकावर तपासून घ्यावे, आणि कार्डाशिवायही यंत्र बंद पडले तर मदरबोर्डचे बिल शोधून आधी वॉरंटी शिल्लक आहे का ते पाहावे.