पंक रॉक ऐकताना वेफर्स कुठले घ्यावेत

पहिल्याच दिवशी सहा पाकिटं फोडू नकोस. मसाला जिभेवर साचतो आणि तिसऱ्या पाकिटापासून सगळं सारखंच लागतं. एक अल्बम, एक चव, बास. सुरुवात रमोन्स या पंक बँडच्या 1976 च्या पहिल्या अल्बमने कर. 14 गाणी, जेमतेम अर्धा तास. सोबत फक्त खारे वेफर्स; इतक्या साध्या गाण्यांना मसाल्याची भर कशाला?

सेक्स पिस्टल्सचा 1977 चा अल्बम मात्र सॉल्ट अँड व्हिनेगरसोबतच. त्यांचा गायक जॉनी रॉटन, त्याचा आवाजही दात आंबवणाराच आहे.

हेडफोन लावू नकोस. कान बंद असले की चावण्याचा आवाज हाडांतून थेट आत घुमतो आणि गिटार बुडते. स्पीकर लाव, वेफर्स पातळ घे, जाड खाचांचे नकोत. दोन गाण्यांमध्ये फट मिळालीच नाही, तर वेफर जिभेवर मऊ पडू दे.

द क्लॅशचा 1979 चा ‘लंडन कॉलिंग’ दोन रेकॉर्ड्सचा. त्यात रेगे, स्का, रॉकबिली अशा सगळ्याच संगीतशैली, म्हणून तिथे नियम मोड: बाजू उलटली की पाकीट बदल. चीज अँड ओनियन शेवटच्या बाजूला, कारण त्याचा वास तोंडातून जाता जात नाही. अधूनमधून साधं पाणी पी. कोल्ड्रिंक अजिबात नको, गोडाने पुढची चव मारली जाते.